सफाई करणाऱ्या यंत्राचीही सफाई हवी

सकाळी घर कितीही निगुतीने झाडले-पुसले, तरी संध्याकाळी टीव्हीच्या कडेवरून बोट फिरवले की ते करडे होतेच. हा अनुभव कुठल्याही गावच्या गृहिणीला नवा नाही. पण पुणे, सोलापूर, कोल्हापूर, बेळगावहून नोकरीनिमित्त बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना तो जरा जास्तच येतो. धुळीला कन्नडमध्येही ‘धूळु’च म्हणतात. त्यामुळे नव्या शहरात भाषा शिकताना हा शब्द तरी वेगळा शिकावा लागत नाही!

कर्नाटक सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाने, म्हणजे ‘किऑनिक्स’ने, १९७८ साली होसूर रस्त्यालगत कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर ही वसाहत वसवायला घेतली. महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख आर. के. बालिगा यांची ती कल्पना. तेव्हा तिथे शेते आणि मोकळे माळ होते. १९९४ मध्ये इन्फोसिसचे मुख्यालय तिथे गेले आणि पुढच्या वर्षांत आजूबाजूला इमारतींची रांग लागली. २०१० साली होसूर रस्त्यावर जवळजवळ दहा किलोमीटरचा उंच मार्ग झाला. त्यानंतर मेट्रोचे खांब उभे राहिले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पिवळ्या मार्गिकेवर गाडी धावू लागली. एवढी कामे व्हायची म्हणजे सिमेंट, वाळू आणि लाल माती हवेत उडणारच. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीला डासांसाठी लावलेली जाळी दोन आठवड्यांत तांबूस होते, ती याच कारणाने.

ही धूळ नुसती फर्निचर खराब करते असे नाही. बंगळुरूचे बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी १९७९ ते १९९९ या काळात आपल्या रुग्णालयात आलेल्या १८ वर्षांखालील २० हजार मुलांची पाहणी केली होती. त्यात दम्याचे प्रमाण १९७९ साली ९ टक्के होते, ते १९९९ साली २९.५ टक्क्यांवर गेले. हे आकडे रुग्णालयात आलेल्या मुलांचे आहेत, सबंध शहराचे नव्हेत आणि दम्याला धूळ हे एकच कारण नसते. वाहनांचा धूर, परागकण, सर्दीचे विषाणू अशी अनेक कारणे असतात. तरीही घरात पहाटे शिंकणारे, खोकणारे मूल असेल, तर गादी, उशी, सोफा आणि पडदे यांत साठणाऱ्या धुळीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे याच धुळीत वाढतात आणि त्यांच्या विष्ठेने अनेकांना अ‍ॅलर्जी होते.

म्हणून घरात व्हॅक्यूम क्लीनर येतो. पहिले चार महिने त्याचे कौतुक होते. मग तो पूर्वीसारखा ओढत नाही, घूं-घूं आवाज करतो, खोलीभर कुबट वास सोडतो आणि एके दिवशी पलंगाखाली जातो. गावाहून आलेल्या सासूबाई म्हणतात, “अगं, यापेक्षा आपली केरसुणी काय वाईट होती?” सुनेकडे उत्तर नसते. बहुतेक वेळा यंत्रात बिघाड झालेलाच नसतो. त्याची सफाई झालेली नसते, इतकेच.

पिशवी गेली, पण काम गेले नाही

गंमत म्हणजे या यंत्राचा जन्मच दम्यातून झाला. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन या गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाचा एक सफाई कामगार होता. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा बळावे. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून धूळ ओढणारे यंत्र तयार केले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि पुढे हूव्हर कुटुंबाने ते विकत घेतले. उशीचा तो अभ्रा म्हणजेच व्हॅक्यूम क्लीनरची पहिली पिशवी. आपल्याकडे १९८२ साली युरेका फोर्ब्स कंपनी सुरू झाली. तिचे टायवाले विक्रेते दारोदार जाऊन सोफ्यातून धूळ काढून दाखवू लागले, तेव्हा मध्यमवर्गीय घरांना या यंत्राची ओळख झाली. ती यंत्रेही पिशवीचीच होती.

पिशवीची अडचण अशी की हवा तिच्याच बारीक छिद्रांतून बाहेर जाते. छिद्रे बुजली की पिशवी अर्धी रिकामी असूनही ओढ कमी होते. ब्रिटनच्या जेम्स डायसन यांनी १९७८ च्या सुमारास यावर विचार सुरू केला. लाकूड कापण्याच्या गिरणीत भुसा वेगळा काढण्यासाठी शंकूच्या आकाराचे मोठे पात्र वापरतात. त्यात हवा गरगर फिरते, जड कण भिंतीकडे फेकले जातात आणि खाली पडतात. तेच तत्त्व लहान आकारात आणायला डायसन यांना ५,१२७ नमुने करावे लागले. १९८६ मध्ये जपानमध्ये त्यांचे पहिले यंत्र विक्रीला आले आणि १९९३ पासून ते स्वतःच्या कंपनीच्या नावाने यंत्रे विकू लागले. आज बाजारात अनेक कंपन्यांची बिनपिशवीची यंत्रे मिळतात. पण ‘बॅगलेस’ लिहिले म्हणजे आत हवा फिरवणारा शंकू असेलच असे नाही. बऱ्याच स्वस्त यंत्रांत एक पारदर्शक डबा आणि त्यात बसवलेला चुण्यांचा फिल्टर एवढेच असते. अशा यंत्रात सगळा भार फिल्टरवर येतो आणि तो फार लवकर भरतो. विकत घेतानाच डबा उघडून पाहिलेला बरा.

दुकानदार जे सांगत नाही ते हे, की पिशवीच्या यंत्रात कचरा पिशवीसकट फेकता येतो, बिनपिशवीच्या यंत्रात तो हाताळावा लागतो. पिशव्यांचा खर्च वाचतो, पण त्याच्या बदल्यात घरातल्या कोणाला तरी थोडी मेहनत घ्यावी लागते.

डबा केव्हा आणि कसा रिकामा करावा

डब्यावर कमाल पातळीची रेघ असते. तिथवर वाट पाहण्याची गरज नाही. डबा अर्धा-पाऊण भरला की रिकामा करावा आणि घरात अ‍ॅलर्जीचा रुग्ण असेल तर प्रत्येक वापरानंतर. रेघेच्या वर धूळ गेली की ती फिरणाऱ्या हवेबरोबर थेट फिल्टरवर जाऊन बसते.

सगळ्यांत जास्त धूळ उडते ती यंत्र चालवताना नव्हे, तर डबा रिकामा करताना. प्रथम यंत्र बंद करून प्लग काढावा. डबा एका मोठ्या पिशवीत घालून, पिशवीचे तोंड हाताने आवळून मगच त्याचे झाकण उघडावे. दोन मिनिटे धूळ खाली बसू द्यावी आणि मग डबा हळूच बाहेर काढावा. पिशवी नसेल तर ओलसर केलेल्या वर्तमानपत्रावर डबा उपडा करून कागदाची पुडी बांधावी. गॅलरीत उभे राहून डबा झटकणे ही सर्रास दिसणारी सवय अगदी चुकीची आहे. वाऱ्याने निम्मी धूळ आपल्याच घरात परत येते आणि उरलेली खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. नाकाला रुमाल किंवा मास्क बांधावा. दम्याच्या रुग्णाने हे काम करू नये आणि त्या वेळी खोलीतही थांबू नये.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या बहुतेक गृहसंकुलांत कचरा वेगवेगळा द्यावा लागतो. यंत्रातली धूळ ‘मातीच तर आहे’ असे समजून ओल्या कचऱ्यात टाकली जाते. तिच्यात केस, कृत्रिम धागे, प्लास्टिकचे बारीक तुकडे असतात, त्याचे खत होत नाही. ती बांधून टाकाऊ कचऱ्यात द्यावी.

रिकामा डबा आतून मऊ, सुक्या ब्रशने झाडावा. जुना रंगाचा ब्रश किंवा दाढीचा ब्रश यासाठी छान चालतो. डब्याच्या मधोमध जाळीचा गोल भाग असतो, त्याच्या छिद्रांत केस आणि कापूस अडकतो. तो निघाला नाही तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. डबा सुटा होत असेल आणि माहितीपत्रकात परवानगी असेल तर महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावा, पण मोटरचा भाग कधीही नाही. डबा पूर्ण कोरडा झाल्याशिवाय बसवू नये. ओल्या डब्यात धूळ पडली की तिचा चिखल होतो आणि कुबट वास तिथूनच सुरू होतो.

फिल्टर: यंत्राची फुप्फुसे

बिनपिशवीच्या यंत्रात साधारणतः दोन फिल्टर असतात. एक मोटरच्या आधी, बहुधा स्पंजाचा. दुसरा मोटरनंतर, हवा बाहेर पडते तिथे, चुण्यांचा. यालाच ‘हेपा’ म्हणतात. अमेरिकी मानकाप्रमाणे हेपा फिल्टरने ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हे कण किती सूक्ष्म ते लक्षात येईल. मात्र फिल्टर कितीही चांगला असला तरी त्याच्या कडेचे रबर फाटले असेल किंवा तो नीट दाबून बसला नसेल, तर हवा फटीतून निघून जाते आणि सर्वांत बारीक धूळ, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारी धूळ, पुन्हा खोलीत फेकली जाते. आईला वाटते आपण मुलाची गादी स्वच्छ केली आणि मूल मात्र रात्रभर खोकत राहते. म्हणून फिल्टर बसवताना कडेवरून एकदा बोट फिरवून पाहावे.

स्पंजाचा फिल्टर महिन्यातून एकदा धुवावा, बांधकाम जवळ असेल तर पंधरा दिवसांनी. थंड किंवा कोमट पाण्याच्या धारेखाली धरून, तळव्यात हलकेच दाबत राहावे, पाणी नितळ येईपर्यंत. कपड्यासारखा पिळू नये, स्पंज फाटतो. माहितीपत्रकात सांगितले नसेल तर साबण वा धुण्याची पावडर लावू नये. साबण आत राहून धूळ चिकटते.

आता पाणी कोणते, हा प्रश्न इथे महत्त्वाचा. या भागातील अनेक इमारतींना बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिळते आणि ते जड असते. नळाच्या तोट्यांवर आणि बादल्यांवर पांढरा थर चढतो तो यातल्या क्षारांचा. असेच क्षार वाळताना स्पंजात राहून तो कडक होतो. धुणे नळाच्या पाण्यात झाले तरी शेवटचे खळबळणे तांब्याभर पिण्याच्या शुद्ध पाण्यात करावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी बऱ्याच गृहिणी फरशी पुसायला साठवतात. ती बचत चांगली, पण फिल्टरला ते पाणी अजिबात वापरू नये. त्यात क्षार नळापेक्षाही जास्त असतात.

धुतलेला फिल्टर वाळायला किमान २४ तास द्यावेत. बंगळुरूत जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पावसाचा मुक्काम असतो, हवा दमट असते. अशा वेळी दोन दिवसही लागतात. सावलीत, पंख्याखाली, जाळीवर उभा ठेवावा. घाई म्हणून कडक उन्हात, केस वाळवण्याच्या यंत्राने किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाळवू नये, स्पंज ठिसूळ होतो किंवा वितळतो. ओला फिल्टर बसवून यंत्र चालवणे हा तर मोटर जाळण्याचा खात्रीचा मार्ग. सरळ उपाय म्हणजे एक जादा फिल्टर घेऊन ठेवणे. एक धुऊन वाळत असेल तेव्हा दुसरा कामाला येतो.

हेपा फिल्टरची बाब निराळी. काही धुता येतात, अनेक येत नाहीत. ‘वॉशेबल’ असे छापलेले नसेल तर त्याला पाणी लावू नये. कागदासारखे त्याचे धागे पाण्याने फुगून निकामी होतात. वरून धूळ दिसेनाशी झाली तरी गाळण्याची शक्ती गेलेली असते. काठीने बडवणे, दाताच्या ब्रशने जोरात घासणे यानेही तो फाटतो. कंपनीने दिलेल्या मुदतीत तो बदलावा. रस्त्यावरच्या दुकानात निम्म्या किमतीत ‘सेम टू सेम’ म्हणून मिळणारा फिल्टर तपासून घ्यावा. तो जागेवर घट्ट बसत नसेल तर फुकट मिळाला तरी महागच.

काय ओढू नये

नवीन यंत्र आले की काहीही ओढून बघण्याचा उत्साह येतो. रांगोळी, सांडलेले पीठ, टाल्कम पावडर, उदबत्तीची राख आणि भिंतीला ड्रिल मारल्यावर पडणारा चुना-सिमेंटचा भुगा, या पाच गोष्टी फिल्टरच्या वैरी आहेत. इतकी बारीक भुकटी शंकूतल्या हवेने वेगळी होत नाही, सरळ फिल्टरवर जाऊन लिंपली जाते. नव्या फ्लॅटमध्ये सुताराचे काम संपल्यावर घरच्या यंत्राने सगळी सफाई उरकणारी मंडळी आठवडाभरात दुरुस्तीचे दुकान शोधताना दिसतात. यासाठी आपली केरसुणी, सुपली आणि ओले फडकेच उत्तम.

पेटते निखारे, फुलबाजीच्या गरम तारा, डास मारण्याच्या कॉइलची जळती टोके ओढू नयेत. आतल्या कापसाला आग लागू शकते. सांडलेले दूध वा पाणी फक्त ‘वेट अँड ड्राय’ प्रकारच्या यंत्रानेच ओढावे आणि तेही त्याचा कोरडा फिल्टर काढून ठेवून. फुटलेल्या थर्मामीटरचा किंवा सीएफएल दिव्याचा पारा तर कधीच नाही. मोटरच्या उष्णतेने त्याची वाफ होऊन घरभर पसरते.

ओढ कमी झाली तर

मेकॅनिकला फोन करण्याआधी पाच मिनिटे घालवावीत. डबा आणि फिल्टर स्वच्छ असूनही यंत्र ओढत नसेल, तर लवचीक नळी काढून यंत्राच्या तोंडाशी तळहात धरावा. तिथे जोरात ओढ लागली तर दोष यंत्रात नाही, नळीत किंवा ब्रशमध्ये अडथळा आहे. नळीच्या एका टोकातून मुलांची एक गोटी सोडावी. ती दुसऱ्या टोकातून बाहेर आली तर नळी मोकळी. अडली तर बोथट काठीने हळू ढकलावे. लोखंडी तार घातल्यास नळीला भोक पडते. मग हवा तिथूनच शिरते.

फिरत्या ब्रशवर लांब केस आणि दोरे गुंडाळले जातात. प्लग काढून, ब्रश उलटा करून, कात्रीने केस आडवे कापून ओढून काढावेत. ब्रशच्या दोन्ही टोकांना जिथे तो फिरतो तिथे केस घट्ट बसलेले असतात, ते विशेष पाहावेत. चाकांमध्येही केस जातात. त्यामुळे फरशीवर ओरखडे उठतात.

चालता चालता यंत्र एकाएकी बंद पडले तर घाबरू नये. बहुतेक यंत्रांत मोटर फार तापली की वीज तोडणारी सोय असते. यंत्रात ओढलेली हवाच मोटर थंड करत असते. फिल्टर बुजला की हवा थांबते आणि मोटर तापते. प्लग काढून, अडथळा दूर करून तासभराने पुन्हा चालवावे. जळका वास किंवा ठिणग्या दिसल्या तर मात्र घरी उघडू नये. मोटरचे कार्बन झिजले असण्याची शक्यता असते, ते जाणकाराकडून बदलून घ्यावेत.

विजेचेही एक साधे गणित आहे. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट चालतात. यंत्रावर १,६०० किंवा २,००० वॉट लिहिले असेल तर १६ अँपिअरचे मोठे सॉकेट हवे. टीव्हीमागचा पातळ वायरचा बोर्ड चालणार नाही. आत गुंडाळल्या जाणाऱ्या वायरवर पिवळी खूण दिसली की वायर संपत आली असे समजावे आणि लाल खुणेपुढे ओढू नये. बॅटरीवर चालणारे यंत्र असेल तर ते उन्हाच्या गॅलरीत चार्जिंगला लावू नये. सुटीत महिनाभर गावी जाताना बॅटरी पूर्ण उतरलेली ठेवू नये. आपोआप फिरणाऱ्या रोबोचा डबा अगदीच लहान असतो, तो रोज रिकामा करावा लागतो.

यंत्र कोण चालवते?

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या बहुतेक घरांत नवरा-बायको दोघेही नोकरीला जातात आणि यंत्र कामवाल्या बाईंच्या हाती असते. त्या कन्नड, तमीळ, तेलुगू किंवा बंगाली बोलणाऱ्या, माहितीपत्रक इंग्रजीत आणि मालकीणबाई मराठी! मग यंत्र बिघडले की दोष बाईंवर येतो. एका रविवारी अर्धा तास काढून डबा कसा काढायचा, फिल्टर कुठला धुवायचा, काय ओढायचे नाही, हे प्रत्यक्ष करून दाखवले तर भाषेची अडचण राहत नाही. आणि डबा रिकामा करताना लागणारा मास्क त्यांनाही द्यावा. मुलाच्या दम्याची काळजी करणाऱ्या घराने दुसऱ्याच्या फुप्फुसात धूळ जाऊ देणे बरे दिसत नाही. डबा रिकामा करण्याचे काम घरातल्या पुरुषांनी अंगावर घेतले तरी काही बिघडत नाही.

यंत्र आहे म्हणून रोज सबंध घरभर फिरवण्याची मात्र गरज नाही. फरशीला ओले फडके पुरते. यंत्राचा खरा उपयोग गादी, सोफा, पडदे, खिडकीच्या जाळ्या आणि सरकत्या दारांच्या खोबणीत. गादी आठवड्यातून एकदा, दोन्ही बाजूंनी, सावकाश ओढावी. घाईघाईने फिरवलेला ब्रश वरवरची धूळ घेतो. आतले किडे मात्र यंत्राने सगळे जात नाहीत, त्यासाठी चादरी आणि अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावे लागतात.

वर्षातून एकदा यंत्राची पूर्ण तपासणी करावी आणि त्याला खंडेनवमीसारखा दिवस नाही. कर्नाटकात आयुधपूजेला कारखान्यातल्या यंत्रांपासून स्कूटरपर्यंत सगळे धुऊन-पुसून पुजले जाते. त्याच्या आदल्या दिवशी डबा, दोन्ही फिल्टर, नळी, ब्रश, रबर, वायर सारे पाहावे. झिजलेल्या भागांची यादी करून दिवाळीच्या सफाईआधी ते मागवावेत. पूजा करताना हळदकुंकू यंत्राच्या अंगाला लावावे, हवेच्या छिद्रांवर टाकू नये.

आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून पुढे जाऊ लागला की जुने काढून टाकावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत व्हॅक्यूम क्लीनरचाही समावेश आहे. त्यामुळे ते भंगारवाल्याला न देता कंपनीच्या किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात जमा करावे. देताना बॅटरी सुटी होत असेल तर ती वेगळी द्यावी आणि डबा रिकामा करून, पुसून द्यावा.